भिंतीकडे तोंड

या सौद्यात क्वेगिरला फायदाच फायदा होता. वीस थान कापड, आठ बंदुका आणि ब्रँडीचं पिंप, तेही आगाऊ. बदल्यात गुलामांच्या जहाजाच्या कप्तानाला बारा धरलेली माणसं द्यायची. तोवर किनाऱ्याच्या रिवाजाप्रमाणे घरचं एक माणूस जहाजावर तारण. क्वेगिरने बहिणीची लेक ठेवली, अराबा. बारा भरली नाहीत, तर तिलाच समुद्रापार नेणार होते.

मुदतीला चार दिवस उरले आणि अंगणात अकराच होती. आतल्या मुलखातली लढाई थांबलेली, माणूस मिळेना.

"माझी पोर गेली तर तुला तोंड दाखवायला जागा उरणार नाही, दादा," बहीण एकुआ म्हणाली.

"मोठ्या लाटेने होडीसुद्धा बाहेर पडत नाहीये. रडून काय होणार?"

दुसऱ्या सकाळी त्याने मोजणी केली. बारा.

पुन्हा मोजलं. बारा.

क्वेगिर माणसं नेहमी पाठीकडून मोजी. त्यांची डोकी भादरून भिंतीकडे तोंड करून बसवायची. धरलेल्या माणसाची नजर लागते, असं सगळेच दलाल मानत. आणि चेहरे पाहिले की भाव करताना जीभ अडखळते. शेवटची पाठ बारीक होती, पोरीसारखी. त्याने चौकशी केली नाही. आलेली संपत्ती कोण परत पाठवतो?

संध्याकाळी एकुआ रिकामी वाडगी घेऊन आली. "अकरा जेवली. ती टोकाची हात लावत नाही. तिच्याखालची माती ओली आहे, दादा. दिवसभर ऊन आहे आणि माती ओली."

"घाम असेल."

"एकदा वळवून तर बघ तिला."

"बघून काय, भाव वाढणार आहे?"

पण एकुआ जवळ गेली नाही, आणि तोही नाही.

मुदतीच्या दिवशी लाट उतरली. क्वेगिरने विक्रीसाठी सगळ्यांच्या पाठींना तेल चोळलं. टोकाच्या पाठीला तेल धरेना. तळहात थंड पडला. चाटून पाहिला तर खारट.

त्याने हात पुसला आणि होडी सोडली.

जहाजावर कारकुनाने बारा मोजली, मान डोलावली. माणसं एकेक करून तळाकडे उतरू लागली.

"माझं तारण?" क्वेगिरने विचारलं.

"ती पोरगी? गेली ना. ताप आला होता. तीन दिवस झाले, पहाटेच समुद्रात सोडली. लाटेमुळे निरोप धाडता आला नाही." कारकुनाने दोन थानं पुढे सरकवली. "ही भरपाई."

तीन दिवस.

ओळीतली शेवटची पाठ शिडीशी थांबली.

वळली.

"मामा, आता सुटले ना मी?"

आणि खाली उतरली.

होडी परतली तेव्हा एकुआ वाळूत उभी होती, लेकीसाठी भरलेलं वाडगं घेऊन. क्वेगिरने तिच्यापुढे थानं ठेवली. बारा पोचली होती, उचल फिटली होती, कोणाचं काही देणं उरलं नव्हतं.

अराबाने ते फेडलं होतं. दोनदा.