भातात उभा चमचा

“आई, जेवायला बस,” शलाका मराठीत म्हणाली. बुसानमधल्या त्या डोंगरउतारावरच्या स्वयंपाकघरात मात्र ते अस्सल कोरियनमध्ये ऐकू आलं, आणि तेही शलाकाच्या नव्हे, चाळिशीतल्या एका बाईच्या घोगऱ्या आवाजात. शलाकाच्या गळ्याला कंठपट्टी होती. कंठातली थरथर ती टिपायची, शलाकाचा आवाज विरुद्ध लहरींनी पुसून टाकायची आणि त्याच क्षणी दुसऱ्या भाषेत, दुसऱ्याच माणसाच्या आवाजात बोलायची. समोरच्याचं कोरियन ती शलाकाच्या कानात मराठीत पोचवायची.

तो आवाज होता सोयॉनचा. घरमालकीण ओकसुन आजींची ही एकुलती एक लेक, कॅनडात नोकरीला. आजींची दृष्टी गेली, तेव्हा तिने एका कंपनीमार्फत आपला आवाज घरी ठेवला. हातपाय परक्या विद्यार्थिनीचे, बोलणं लेकीचं. आजींना हे ठाऊक होतं. रविवारी लेक स्वतः फोन करायची, त्यावर त्यांचा आठवडा जायचा.

बदल्यात शलाकाला खोली जवळजवळ फुकट मिळाली होती. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती; पण बुसानमधल्या तिच्या पहिल्या खोलीत पाय पसरायचे तर दार उघडावं लागे. तिथल्या सामायिक स्वयंपाकघरात भात आणि किमचीचं लोणचं फुकट, म्हणून दोन्ही वेळा तेच. किमचीचा नुसता वासही नकोसा झाला, तेव्हा तिने कंपनीच्या करारावर सही केली. पुढे अभ्यासाची धांदल वाढली आणि कंपनीने आणखी एक सोय देऊ केली: तुमच्या वतीने, तुमच्याच आवाजात घरी फोन. परीक्षेपुरतंच, असं म्हणून शलाकाने होकार दिला. परीक्षा कधीच संपली होती. सोय चालूच होती.

आज तिला प्रयोगशाळेत पोचायचं होतं. एका हातात उकळतं सूप, दुसऱ्यात भाताचं वाडगं. चमचा धरायला हात उरला नाही, म्हणून कराडला आई वाढताना खोचते तसा तिने तो भातात उभा खोचला आणि वाडगं आजींपुढे ठेवलं.

आजींचा हात चाचपडत वाडग्याकडे गेला, चमच्याला लागला आणि चटका बसावा तसा मागे आला.

“हे कुणी केलं?”

“मीच. का गं, आई?”

“भातात चमचा उभा करतात तो मेलेल्या माणसाच्या पानात.”

“चुकून झालं. घाईत होते.”

आजींनी चमचा उपसून बाजूला ठेवला. “माझ्या लेकीचा आवाज मला फार गोड झालेला वाटतो. पूर्वी ती खेकसायची माझ्यावर. आता रविवारीसुद्धा चिडत नाही.” मग त्यांनी शलाकाच्या दिशेने तोंड वळवलं. “मुली, तुला विचारतेय. माझी लेक अजून आहे ना?”

शलाकाने तोंडही उघडलं नव्हतं, तोच तिच्या गळ्यातल्या पट्टीतून सोयॉन आपणहून बोलली, “मी इथेच आहे, आई.”

धडपडत खोलीत जाऊन शलाकाने कंपनीला विचारलं. उत्तर लगेच आलं. सोयॉन यांचं गेल्या हिवाळ्यात आजारपणात निधन झालं. आईला कळू नये ही त्यांची अखेरची इच्छा होती. तेव्हापासून रविवारचे फोनही आम्हीच करतो. पट्टी उतरवल्यास करार संपेल. कृपया संभाषण चालू ठेवावं.

शलाकाला सोयॉनचा राग आला, आणि कीवही आली. खोली गेली तर पदवीही जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. घरी परत जायला तोंड नव्हतं. पण बाहेर ती म्हातारी कान टवकारून बसली होती, आणि तिच्याशी पुन्हा त्या आवाजात बोलणं शलाकाच्याने होईना.

तिने पट्टी काढली.

आजींसमोर बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला कोरियन येतच नाही. पट्टी होती, मग शिकायचं कशाला? ‘मेली’ हा साधा शब्दही तिच्यापाशी नव्हता. तिने चमचा उचलला, आजींच्या भातात पुन्हा उभा खोचला आणि त्यांचा हात धरून त्यावर ठेवला.

आजी चमच्याची दांडी धरून बसून राहिल्या. आवाज न करता पुष्कळ रडल्या. मग त्यांनी शलाकाचा चेहरा चाचपला. तोही ओला होता.

“ओम्मा?” त्यांनी विचारलं. हा एक शब्द शलाकाला कळत होता. तुझी आई?

तिने तिथेच बसून कराडला फोन लावला.

“शलाके? आत्ता गं कशी? कालच तर तासभर बोललीस.”

“आई...” तिचा आवाज फाटला.

“हे काय, रडतेयस? काल तर मजेत हसत होतीस की! मी रागावले तरी हसतच होतीस.”

“आई, काल मी नव्हते गं. ही मी आहे.”

पलीकडून तिच्या आईने, अनोळखी माणसाशी बोलावं तसं जपून विचारलं, “कोण बोलतंय?”