गॅलरीवरचा बाण

लाइट गेली तर जाऊ द्या, बसा. आणि तो लॅपटॉप मिटव रे वाल्मीक. त्याच्यावरूनच आठवलं. इंजिनिअर होणार ना तुम्ही? मग ऐका.

माझ्या मेव्हण्याच्या ओळखीत ज्ञानेश नावाचा एक इंजिनिअर होता. नाशिकला द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत एक इमारत बांधून होत आली होती. डिझाइन याचंच आणि पहिल्या मजल्यावर ऑफिसही याचंच. पण बुटांना माती लागेल म्हणून साहेब वरच्या मजल्यांवर कधी चढले नाहीत. "सगळं कॉम्प्युटर बघतो," म्हणायचा. कॉम्प्युटर काय बघणार, कपाळ! या दीडशहाण्यानं जुन्या इमारतीची फाइल उघडली, नाव बदललं आणि सेव्ह केली. जुनी गॅलरी तीन फुटांची होती, नवी पाच फुटांची. सळई मात्र तीन फुटांच्या हिशेबानंच राहिली.

टेकू काढले आणि तिसऱ्या मजल्याची गॅलरी कोसळली. घमेलं घेऊन उभी असलेली कलाबाई तिच्यासोबत गेली. पेठ तालुक्याकडची बाई, सोमा मुकादमाची बायको. आणि या हरामखोरानं पोलिसांना काय सांगावं? "डिझाइन बरोबर आहे. सोमानं सळई कमी टाकली." बायको गेली ती गेलीच, वर तिचे दिवस व्हायच्या आत नवरा कोठडीत.

दोन हजार पाच सालची गटारीची रात्र. सारं नाशिक कोंबडीवर ताव मारत होतं आणि हे महाशय ऑफिसात. काम साधं होतं. फाइलीत सळई वाढवायची, ती आधीपासून तशीच होती असं भासवायचं आणि छापून सकाळी पोलिसांना द्यायचं. एवढं झालं की सोमा कायमचा आत आणि हा मोकळा.

सळई वाढवली. गणित चालवलं. पडद्यावर इमारतीचा सांगाडा आला. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीवर एक लाल बाण होता. बाण म्हणजे तिथं भार. पंचेचाळीस किलो. यानं तर तो टाकलाच नव्हता.

"व्हायरस असेल," तो म्हणाला. असल्यांना भूत दिसलं तरी व्हायरसच वाटतो. त्यानं बाण पुसला, पुन्हा गणित चालवलं.

बाण जिन्यात आला. दुसऱ्या मजल्यावर.

पुसला.

बाण पहिल्या मजल्यावर... याच्या दाराशी.

दार बंद होतं. बाहेर पावलाचाही आवाज नाही. तरी पुसला...

बाण खोलीत. खुर्चीच्या मागे.

ओल्या सिमेंटचा वास आला.

तो वळला नाही.

मागे कुणीतरी श्वास सोडला... डोक्यावरचं ओझं उतरवल्यावर सोडतात, तसा.

आणि लाइट गेली.

पहाटे तो पोलीस चौकीच्या पायरीवर सापडला. अनवाणी. सगळं ओकला. पश्चात्ताप वगैरे काही नाही रे, नुसती फाटली होती! पण सोमा सुटला.

पोलीस त्याचं ऑफिस बघायला गेले तेव्हा सोमालाही सोबत नेलं. खुर्चीमागे फरशीवर चुंबळ पडली होती. बायका घमेल्याखाली डोक्यावर ठेवतात ना, ती. हिरव्या लुगड्याच्या चिंधीची. तिच्यावरचं सिमेंट अजून ओलं होतं.

सोमानं हात लावला नाही. लांबूनच म्हणाला, "साहेब, ही तं म्या तिच्यासंगं सरणावर ठेवली व्हती."