करंगळीतली रबरी रिंग

"दाब!... धर!... सोड!" मामा गाडीखालून ओरडत होता आणि चिमणी सीटच्या टोकाला बसून ब्रेकचं पेडल दाबत होती.

आजोबांची जुनी गाडी! मामाने ब्रेकची सगळी रबरं बदलली होती. कालपासून नळ्यांत नवं ऑईल भरून हवा काढणं चाललं होतं. संध्याकाळी आजीला बसवून टेकडीचा उतार उतरायचा होता.

"तो बघ, आला शेजारचा मिशीकाका!" शंकासुर कुजबुजला. शंका घेतल्याशिवाय चिमणीच्या या मावसभावाला घास गिळवत नसे. "सारखी गाडी विकत मागतो. काल ब्रेक ऑईलच्या डब्याशी काय खुडबुडत होता?"

"उगाच काहीतरी!" चिमणी म्हणाली. पण तिलाही काका आवडत नसत.

मामा हात धुवायला गेला. बाकावरच्या वाटीत त्याच डब्यातलं थोडं ऑईल होतं आणि त्यात कालपासून ब्रेकची एक जादा रबरी रिंग पडली होती. चिमणीने ती उचलली आणि दचकलीच.

"अरे! काल ही करंगळीत घट्ट बसत होती. आज अंगठ्यातसुद्धा ढिली!"

"घातपात! डब्यात काहीतरी मिसळलंय," शंकासुर म्हणाला.

"थांब. मामा म्हणाला होता ना, ब्रेक ऑईल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धू, ते पाण्यात मिसळतं?"

तिने ग्लासभर पाण्यात डब्यातलं ऑईल ओतलं, ढवळलं. ऑईल पुन्हा वर येऊन तरंगू लागलं!

"मामा, यांनी डब्यात भेसळ केली!" मामा परत येताच शंकासुराने थेट काकांकडे बोट दाखवलं.

"मी? मी नुसतं झाकण लावलं! तुमचा मामा डबा उघडाच टाकतो!"

मामाने ग्लास पाहिला, डबा हुंगला. त्याचा चेहरा पडला. "हे इंजिन ऑईल आहे. मागे उरलं होतं. ब्रेक ऑईलचा रिकामा डबा चांगला होता, टाकायचा कशाला म्हणून मीच त्यात भरलं... आणि विसरलो."

"घ्या! चोर सोडून संन्याशाला सुळी!" काका म्हणाले. शंकासुराने कान पकडले.

"म्हणजे आतली रबरंही फुगणार?" चिमणीने विचारलं.

"हो. मग ऐन उतारावर ब्रेक अडकेल, नाहीतर लागणारच नाही." मामा म्हणाला. दारात आजी नवी चप्पल घालून तयार उभी होती.

आजीने सगळं ऐकलं होतं. तिने चप्पल काढली आणि दोघांना जवळ ओढलं.

"शाब्बास रे पोरांनो! आज वाचवलंत मला. आणि तू," ती मामाला म्हणाली, "सगळं पुन्हा खोल. या वेळी डबा चिमणी उघडेल."