वीतभर फिल्म

त्या आठवड्यात थिएटरचा मशीनवाला अगदी वैतागून गेला होता. चित्रपट घोड्यांचा, बंदुकांचा. एका ओसाड गावचा एकटा शेरीफ, म्हणजे तिथला फौजदारच, आणि त्याच्या मागे लागलेले डाकू. प्रिंट जुनीपुराणी, आणि मेली तुटायची तीही नेमकी शेवटच्या झुंजीत, शेरीफचा हात पिस्तुलाकडे जाताना. तुटली की फाटकी टोकं कापायची, सोल्यूशन लावायचं, जोडायचं, की मशीन चालू. दर जोडाला बोटभर फिल्म जायची. जाईना का! कुणाला कळतंय? कापलेले तुकडे तो सवयीने एका डब्यात टाकत असे.

आज मात्र त्याचं कशातच लक्ष नव्हतं. धाकटा भाऊ पोलिसात फौजदार. डोंगरात लपलेल्या दरोडेखोरांना धरायला पहाटेच गेला होता. फोन काय तो थिएटरच्या ऑफिसात, म्हणून भावजय दुपारपासून केबिनमध्ये येऊन बसली होती. तोंडात पाण्याचा थेंब नाही.

"अगं, येईल. त्याला काय धाड भरलीय?" मशीनवाला म्हणाला.

तेवढ्यात फिल्म तुटली. खाली शिट्ट्या, शिव्या. त्याने टोकं कापली, जोडली, मशीन चालू केलं. भावजय झरोक्याशी उभी राहिली. हा चित्रपट धाकट्याने तिला हौसेने दाखवला होता.

पडद्यावर डाकूने पिस्तूल उपसलं. शेरीफचा हात पट्ट्यापर्यंत पोचलाच नाही. तो गुडघ्यावर आला आणि धुळीत पालथा पडला.

"भाऊजी, हा मरत नाही ना?"

मशीनवाल्याला दरदरून घाम फुटला. इतके खेळ लावले, शेरीफ कधी मेला नव्हता. पण मशीन फिरतच होतं. डाकू सावकाश चालत आला, शेरीफची टोपी उचलून त्याने झटकली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. मग दिवे लागले. लोक गुमान उठून निघाले.

त्याने जिन्यावर डोअरकीपरला गाठून शेवटाचं विचारलं.

"असं काय करता राव?" डोअरकीपर म्हणाला. "शेरीफ मरतोच की शेवटी. दर खेळाला डोळे पुसतो मी."

तो केबिनमध्ये परतला, तर मागोमाग मॅनेजर धापा टाकत वर आला. भावजयीकडे न बघता म्हणाला, "निरोप आलाय. डोंगरात गोळीबार चाललाय. आपला एक पडला म्हणतात. कोण, ते कळलं नाही."

ती रडली नाही. मॅनेजर गेल्यावर तिने विचारलं, "ते कापलेले तुकडे कुठे आहेत?"

"का गं?"

"परत लावा."

"अगं, वेडी का खुळी तू?" असं तो म्हणाला खरा, पण हात डब्याकडे गेलेच होते. सगळे मिळून जेमतेम वीतभर भरले. तुकडे बोटांतून घसरत होते, खाली पब्लिक पुढच्या खेळासाठी आत यायला लागलं होतं.

खेळ लागला. झुंज आली. दोघांनी एकाच झरोक्याला डोळे लावले.

शेरीफचा हात हलला.

एक तुकडा घाईत उलट्या बाजूने लागला होता. छातीवरचा बिल्ल्याचा तारा डावीकडून उजवीकडे गेला, चित्र अंधुक झालं, आणि शेरीफने डाव्या हाताने पिस्तूल वर केलं.

डाकू कोसळला.

खाली ऑफिसात फोन वाजला.

धाकटा सुखरूप होता. थोड्या वेळाने तो स्वतःच जिना चढून आला, नखशिखांत धुळीने माखलेला. गोळी लागून तो पडल्याचं बरोबरच्यांनी पाहिलं होतं म्हणे. पण अंगावर ओरखडाही नव्हता.

"मेल्या, जीव घेतलास आमचा!" म्हणत मशीनवाल्याने त्याला कडकडून मिठी मारली. भावजय तर लाजलज्जा विसरून नवऱ्याच्या छातीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडू लागली.

मग तिचं रडणं एकदम थांबलं. तिने डोकं हळूच दुसऱ्या बाजूला सरकवलं.

"भाऊजी," ती पुटपुटली, "यांचं काळीज उजवीकडे वाजतंय."

"मग?" धाकटा हसून म्हणाला. "तुमचं कुठे वाजतं?"