सुवर्णाची मुलाखत आणि शेवयांची तार

साखरखेर्ड्यात कोणाचं नेट बंद पडलं की लोक आधी राउटरच्या खोक्याला टपली मारतात, मग सरकारच्या नावानं बोटं मोडतात आणि मग प्रसेनजितला फोन करतात. आठ वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नव्हता. प्रसेनजित म्हणजे घरोघरी काचेची तार ओढून नेट पोचवणारा माणूस. त्याचा हेका एकच: बिघाडाला कारण असतं, आणि ते सापडलं नाही तर शोधणारा आळशी. पारावर भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की हा गडी चप्पल घालून सरळ घरी जायचा.

त्या दिवशी भर एप्रिलच्या दुपारी गुलाबरावांचा फोन आला. गुलाबराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आणि हा त्यांचा आठवड्यातला चौथा फोन. त्यांच्या लेकीची, सुवर्णाची, तीन वाजता मुलाखत होती. पुण्याची कंपनी, काम घरबसल्या. दोन वर्षं पोरीनं अर्ज करकरून जीव मेटाकुटीला आणला होता. या कंपनीच्या दोन फेऱ्या पार झाल्या आणि तिसरीत, ऐन बोलता बोलता, नेटनं मान टाकली. कंपनीनं पुन्हा एकदा वेळ दिली खरी, पण आता यापुढे नाही असंही सांगून टाकलं होतं.

प्रसेनजित अंगणात शिरला आणि त्यानं कपाळावर हात मारला. खांबावरून घरात येणाऱ्या त्याच्या तारेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, शेवया वाळत घातल्या होत्या! ओल्या शेवयांच्या भारानं तार पार खाली लोंबली होती आणि भिंतीपाशी काटकोनात मुडपली होती. उन्हाळकामाचे दिवस. दोऱ्या कमी पडल्या, तेव्हा सुवर्णाच्या आईनं, पंचफुलाबाईंनी, ही गुळगुळीत, गंज न धरणारी दोरी पाहिली आणि कामाला जुंपली.

“मावशी, याच्यातून नेट येते,” प्रसेनजित म्हणाला.

“मंग येऊ दे ना. मी काय आतमंदी शेवया कोंबल्या का?” पंचफुलाबाईंनी विचारलं.

त्यानं शेवया सुपात उतरवल्या, पंचफुलाबाईंच्या देखरेखीखाली, एकही न मोडता. मग तार ताणून बांधली. घरातलं खोकं पितळी डब्यांच्या मागे, वर विणलेला रुमाल पांघरून बसवलं होतं, ते मोकळ्यावर आणलं. नेट पळायला लागलं. सुवर्णानं तपासून पाहिलं, चहा झाला, थट्टामस्करी झाली. प्रसेनजितला मनापासून बरं वाटलं. सापडलं ना कारण!

पावणेतीनला नेट पुन्हा गेलं.

मुडपलेल्या जागी आत तडा गेला असणार, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. तेवढा तुकडा कापून नवं टोक बसवायचं, पाच मिनिटांचं काम. सुवर्णा तोवर तयारीला लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. प्रसेनजितनं खोक्यातून तार उपसली, तडा गेलेला भाग कापून फेकला. खोक्यावर लाल दिवा लागला. तार नाही म्हटल्यावर तो लागायचाच.

आतून सुवर्णाचा आवाज आला, “गुड आफ्टरनून, सर. हो, ऐकू येतंय. अगदी स्पष्ट.”

प्रसेनजितनं घड्याळ पाहिलं. तीनला दहा कमी होते. त्याच्या चिमटीत तारेचं उघडं टोक होतं.

आळशी नव्हता तो; दुसरीकडून कुठून नेट येतंय का, ते त्यानं पाहिलं. सुवर्णाचा फोन बाहेरच, खोक्याशेजारी चार्जिंगला लावलेला. त्या फोनचं नेट बंद. प्रसेनजितच्या फोनचंही बंद. गुलाबरावांचा फोन बटणांचा. शेजारी भाऊरावांकडे नेट नाहीच, आणि त्यापलीकडे शेत. त्यानं पुन्हा लाल दिव्याकडे पाहिलं, मग तारेकडे, मग बंद दाराकडे. आतलं बोलणं कुठेही अडखळत नव्हतं. इतकं स्वच्छ नेट त्यानं सबंध गावात कोणाला दिलं नव्हतं.

त्यानं टोक खोक्याकडे नेलं तसा गुलाबरावांनी त्याचा हात धरला. ते कानाशी पुटपुटले, “गाडी वेगात असली का घंटी वढायची नसते, बाबू. हालू नको.”

म्हणून तो तसाच उभा राहिला. तार धरून, चाळीस मिनिटं. हसूही येत होतं.

पलीकडच्या साहेबांचा आवाज मऊ होता. आधी कामाचं विचारलं. मग ते मराठीत आले, आणि मराठीही थेट वऱ्हाडी. घरात माणसं किती? दार कोणत्या अंगाला? अंगणात कुत्रं हाये का? सुवर्णा हसत हसत सगळं सांगत होती.

“साहेब आपल्याकडचाच दिसते,” गुलाबराव खूश होऊन म्हणाले.

प्रसेनजितला तो आवाज लॅपटॉपमधून येतोय असं वाटत नव्हतं. खोलीत कोणीतरी बसून बोलावं तसा तो येत होता.

साडेतीनला दार उघडलं आणि सुवर्णा धावत येऊन आईच्या गळ्यात पडली. झालं! सोमवारपासून नोकरी. पंचफुलाबाई रडल्या, गुलाबराव उगाचच दोनदा खाकरले, आणि मायलेकी साखर आणायला आत गेल्या. घरभर आनंदीआनंद. प्रसेनजितलाही भरून आलं. कारण नंतर शोधू, म्हणाला मनात.

तेवढ्यात सुवर्णाचा फोन वाजला. गुलाबरावांनी उचल म्हणून खूण केली.

“सुवर्णा मॅडम आहेत का?” पुण्याच्या कंपनीतून कोणी मुलगी बोलत होती. “आम्ही तीनपासून वाट पाहतोय. मॅडम जॉइनच झाल्या नाहीत. चारपर्यंत थांबतो, त्यानंतर नाही जमणार.”

एवढं सांगून तिनं फोन ठेवला.

पंचवीस मिनिटं होती. टोक बसवायला पाच.

“कोणाचा होता?” गुलाबरावांनी विचारलं.

“सांगतो,” तो म्हणाला. त्यानं टोक खोक्यापाशी नेलं आणि हात तिथंच थांबला. जोडलं तर पलीकडे कोण असेल?

सुवर्णा साखरेची वाटी घेऊन आली. चेहरा नुसता उजळला होता.

“दादा, तोंड गोड करा. साहेबांनी तुमच्यासाठी निरोप देला.”

“माझ्यासाठी? तू सांगतलं का त्याइले माझ्याबद्दल?”

“नाही. मीच चाट पडली.” ती हसली. “म्हणे, बाहेर उभ्या असलेल्या दादाले सांगा, तार सोडू नका. आम्ही निघालोच हाओत.”

अंगणात वारा नव्हता. प्रसेनजितच्या चिमटीतली तार बाहेरच्या बाजूनं हळूच ताणली गेली.