ओळ उचलणारे

चर्च सोमवारी पाडणार होते. कोळशाच्या खाणीचा रस्ता तिथूनच जायचा होता. म्हणून शनिवारी सकाळी ओर्लिना भिंतीवरचे फोटो उतरवायला गेली. मंडळीतलं कुणी वारलं की त्याचा फोटो तिथे लागायचा. शेवटचा तिच्या नवऱ्याचा, आर्व्हिलचा.

खोऱ्यात धुकं दाटलं होतं. धाकटी बहीण डेल्फी ट्रकमध्येच थांबली.

"ताई, गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत गं. तू आण, मी लावून घेते."

चर्च वर्षभर बंदच होतं; आत ओल आणि जुन्या लाकडाचा वास कोंडला होता. ओर्लिनाने एकेक फोटो चादरीत गुंडाळला. आर्व्हिलपाशी मात्र हात अडला. चाळीस वर्षं तो इथे उभा राहून ओळ सांगायचा. पेटी नाही, बाजा नाही. तो एक ओळ म्हणायचा आणि सगळी मंडळी ती उचलून, लांबवत, वळणं घेत गायची. कोळशाच्या धुळीने त्याची छाती खाल्ली आणि तो गेला. त्यानंतर ओर्लिनाच्या गळ्यातून सूर निघाला नव्हता.

"एकदाच म्हणते हं," ती फोटोला म्हणाली. "हसू नकोस."

बायकांनी ओळ सांगायची रीत नव्हती. तिने डोळे मिटले.

"पल्याडच्या काठी दिवा कुणी लावला…"

आवाज चिरकला. मग तिच्या पाठीमागून ओळ उचलली गेली… आधी हळू, जमिनीतून आल्यासारखी. मग बाकाबाकातून.

ओर्लिनाच्या अंगावर काटा आला. पण पाय हलले नाहीत. तिने मागे पाहिलं नाही. पाहिलं तर थांबेल, असं तिला वाटलं. तो घोगरा आवाज फोटोतल्या मावशीचा. तो नाकातला, शेजारच्या इनॉसचा. आणि सगळ्यांच्या मागून, अर्धी मात्रा उशिरा, आर्व्हिल. छातीत घरघर नव्हती. लग्नाआधीसारखा स्वच्छ आवाज. तिचे गाल भिजले.

तिने दुसरी ओळ सांगितली. तीही उचलली गेली. आणि त्यात तिला आणखी एक आवाज ओळखू आला… बारीक, गोड, लहानपणापासून तिच्याच शेजारी बसून गाणारा.

"डेल्फी?"

गाणं तुटलं. तिने वळून पाहिलं. सगळे बाक रिकामे होते.

ती धावत बाहेर आली. डेल्फी डोळे चोळत खिडकीतून बघत होती.

"डुलकी लागली बघ," ती म्हणाली. "काय छान स्वप्न पडलं, ताई! सगळे जमले होते. आर्व्हिलदाजींनी सरकून मला जागा करून दिली."

"तू… आत आली होतीस?"

"वेडी की काय! या गुडघ्यांनी?"

ओर्लिनाने तिचा हात घट्ट धरला. उबदार होता. फोटोंसाठी मागे जागा करायला डेल्फी हळूहळू ट्रकमधून खाली उतरली, पाठमोरी झाली. तिच्या काळ्या स्कर्टवर मागच्या बाजूला करडी धूळ होती. वर्षभर कुणी न बसलेल्या बाकांवर साचते, तसली.

ओर्लिनाने ती हलक्या हाताने झटकली. धूळ काही गेली नाही.