नक्की चालेल, मॅडम

आम्ही पहिल्यांदा बोललो तेव्हा त्याने मला चुकीची माहिती दिली. पुढचं सगळं त्यातूनच झालं, म्हणून आता मी ते मनावर घेत नाही. तेव्हा मात्र त्या माहितीपायी मी एका अख्ख्या बँकेचा जीव खाल्ला होता.

आमचं फ्रेमचं दुकान. फोटो, चित्रं, सर्टिफिकिटं, लोक जे जे भिंतीवर लावतात त्याला आम्ही चौकट करून द्यायचो. लाकडी पट्ट्या बाबा हाताने कापायचे आणि हल्ली त्यांचं मनगट दुखायचं. पट्ट्या कापायचं मशीन घ्यायचं म्हणून मी हट्टाने क्रेडिट कार्ड काढलं. बाबांना कार्ड मुळीच पसंत नव्हतं.

"न मागता उधारी देणारा माणूस मला अजून भेटलेला नाही," ते म्हणाले.

"माणूस नाही बाबा, बँक आहे."

"मग तर बघायलाच नको."

एकदा पैसे भरायची शेवटची तारीख नेमकी सुट्टीच्या दिवशी आली. बँकेला कुलूप, पण बाहेरच्या भिंतीत चेक टाकायची पेटी होती. दुकानात तेव्हा काळा फोन होता, गुंडाळ्या-गुंडाळ्यांच्या वायरचा. त्यावरून मी कार्डामागचा नंबर फिरवला. 'हा कॉल रेकॉर्ड होत आहे' असं एक बाई गोड आवाजात सांगून गेल्या आणि मग कुणीतरी फोन घेतला.

"आज पेटीत चेक टाकला तर आजचाच धरतील ना?" मी विचारलं.

पलीकडे कागदांची सळसळ. मग एक घाबराघुबरा आवाज, शाळेत धडा वाचून दाखवावा तसा — "हो मॅडम... चालेल. नक्की चालेल. आणखी काही मदत करू शकतो का?"

मी नको म्हटलं, चेक टाकला आणि विसरून गेले.

पुढच्या स्टेटमेंटमध्ये उशिराचा दंड! पेटी दुसऱ्या दिवशी उघडली, म्हणून चेक दुसऱ्या दिवशीचा धरला होता. बरं, तेवढ्यावर भागलं नाही. मशीनने कार्ड आधीच काठोकाठ भरलं होतं; ती दंडाची रक्कम चढल्यामुळे कार्डाचं लिमिट ओलांडलं गेलं, म्हणून लिमिट ओलांडल्याचा वेगळा दंड. लिमिट ओलांडलं कुणी? त्यांच्याच दंडाने. भरायचं कुणी? मी!

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून तो कागद वाचला आणि फक्त "हं" म्हणाले. त्यांचं ते 'हं' मला दोन्ही दंडांपेक्षा जास्त लागलं. हे पैसे परत आणायचेच, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

तक्रारीच्या फोनवर जो सापडला त्याला मी चांगलंच फैलावर घेतलं. तो शांतपणे ऐकत राहिला. माझा दम संपल्यावर म्हणाला,

"मॅडम, पाणी प्या."

"काय?"

"तुम्हाला खोकला येतोय. मी थांबतो."

मी खरंच पाणी प्यायले. भांडायला बसलेल्या माणसाला असं कुणी वागवतं का? सगळा ताल बिघडतो.

"तुमची तक्रार नोंदवलीय," तो म्हणाला. "आता फोन केलात की माझ्याकडेच जोडून देतील."

"म्हणजे रोज तुमच्याशीच भांडायचं?"

"रोज करणार आहात?" तो घाईने म्हणाला. मग हळूच — "नाही म्हणजे... केलात तरी चालेल."

रोज नाही, पण दर दोन-तीन दिवसांनी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मी फोन लावू लागले. तो मला कुठला मुद्दा आधी मांडायचा, कुणाच्या नावाने अर्ज करायचा, ते सांगायचा. सगळं 'नियम असा आहे' म्हणून, कारण कॉल रेकॉर्ड व्हायचा. त्याला उघडपणे माझी बाजू घेता यायची नाही.

"तुमचं बरोबर आहे असं मला म्हणता येत नाही, मॅडम."

"मग काय म्हणता येतं?"

"तुम्ही चुकलात असं मी अजून एकदाही म्हणालेलो नाही. बघा आठवून."

एकदा मी मानेत फोन धरून काम करत होते. तो मध्येच थांबला. "हा आवाज कसला?"

"काच कापतेय."

"फोनवर बोलताना?"

"माझे हात काही तुमच्या बँकेकडे गहाण ठेवलेले नाहीत."

तो हसला. पहिल्यांदाच. नियमात न बसणारं, मोकळं हसू होतं ते... मी काचेवर ओढलेली रेघ वाकडी गेली. अख्खी काच वाया गेली आणि बाबांनी काचेकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

त्याचा आवाज रिसीव्हरमधून बाहेर ऐकू यायचा. दर वाक्यात एक 'नक्की' असायचंच. बाबा मग मुद्दाम विचारायचे, "काय गं, आज तुझ्या नक्कीचा फोन नाही झाला?"

"माझा कसला? बँकेचा आहे तो."

"हं," बाबा म्हणायचे. पण हे 'हं' वेगळं होतं.

मग बँकेचं उत्तर आलं. 'सुट्टीच्या दिवशी टाकलेला चेक त्याच दिवशीचा धरला जाईल, असं आमच्याकडून सांगितलं गेल्याचा पुरावा नाही. सबब दंड कायम.' मी तावातावाने फोन लावला.

"खोटं बोलतात तुमचे लोक! मला सांगितलं होतं फोनवर."

तो मग एकेक शब्द मोजून बोलावा तसं म्हणाला, "मॅडम, त्या दिवशीच्या कॉलचं रेकॉर्डिंग मागायचा ग्राहकाला हक्क आहे. पण ही रेकॉर्डिंग ठरावीक काळाने पुसतात. तुमच्या कॉलचं ह्या महिनाअखेरीला पुसलं जाईल. त्याआधी मागा."

"आणि मग ज्याने चुकीचं सांगितलं, त्याचं काय होईल?"

"नवा असेल, अजून कायम झालेला नसेल, तर... नोकरी जाऊ शकते."

"कोण होतं त्या दिवशी फोनवर?"

वायरच्या गुंडाळ्यांत माझं बोट अडकलेलं होतं. ते मला अजून आठवतं.

"नक्की... नक्की सांगता येणार नाही, मॅडम."

ती कागदांची सळसळ, तो घाबराघुबरा आवाज एकदम कानात वाजला. तोच होता. इतके दिवस ज्याच्यावर मी डाफरत होते, तो खरोखरच गुन्हेगार निघाला होता, आणि मला राग यायच्या ऐवजी डोळ्यांत पाणी आलं.

"माझी तक्रार तुमच्याकडे आली कशी?" मी विचारलं.

"आली नव्हती. फोन तेवढा योगायोगाने माझ्याकडे लागला, मग तक्रार मी मागून घेतली."

"मग मला रेकॉर्डिंग नको."

"मॅडम, मागा. पैसे तुमचे आहेत."

"नाही मागणार."

"का पण?"

"हा कॉल रेकॉर्ड होतोय ना? मग नाही सांगत."

बाबांना मी सगळं सांगून टाकलं. ते एका जुन्या लग्नाच्या फोटोला काच बसवत होते. म्हणाले, "आपल्याकडून वाकडी फ्रेम गेली तर आपण काय करतो?"

"परत घेतो. नवी करून देतो."

"मग त्या मुलाला का घेऊ देत नाहीस परत?"

"बाबा, त्याची नोकरी जाईल!"

"जाईलही," बाबा म्हणाले. "माझ्या मनगटासाठी तू कार्ड काढलंस, तेव्हा माझं कुठे ऐकलं होतंस? त्यालाही नको वाटत असेल तुझं ऐकायला."

मी तरीही ऐकलं नाही. महिना संपायच्या आधी बँकेने मला समोर बोलावलं, तेव्हा तक्रार मागे घ्यायचा अर्ज लिहूनच मी गेले. बाहेर भुरभुर पाऊस होता. साहेबांच्या खोलीत दोन तरुण बसलेले. एक कडक इस्त्रीचा, देखणा. दुसरा किडकिडीत, कान जरा मोठे, मांडीवर ओली छत्री, आणि छत्रीचं पाणी त्याच्याच बुटात गळत होतं. मी मनात म्हटलं, देवा, देखणाच असू दे. मग त्या किडकिडीताने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास गुपचूप माझ्या बाजूला सरकवला.

मला देखणा नको होता. एका क्षणात नको झाला.

मी अर्ज पुढे केला. "साहेब, मी तक्रार मागे—"

"रेकॉर्डिंग मी मागवलंय, सर," किडकिडीत म्हणाला. "ऐकून घ्या आधी."

देखण्याने यंत्राचं बटण दाबलं. खोलीत माझा आवाज घुमला, आणि मग तो दुसरा — "हो मॅडम... चालेल. नक्की चालेल."

"हा माझा आवाज आहे," तो उभा राहून म्हणाला. छत्री खाली पडली. "कामाचा दुसरा दिवस होता. नियम मला माहीत नव्हता आणि विचारायची लाज वाटली. मॅडमनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच त्यांची चूक. दोन्ही दंड परत करायला हवेत."

साहेबांनी दोन्ही दंड परत केले. त्याला म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." जिंकल्यावर इतकं वाईट वाटतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर तो छत्री उघडायच्या खटपटीत होता. छत्री काही उघडेना.

"वेडे आहात का तुम्ही?" मी म्हटलं. "मी मागे घेत होते ना तक्रार!"

"म्हणून तर घाई केली."

"आता काय करणार?"

त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कोपऱ्यावर एक चहावाला, आणि पाऊस. "इथे रेकॉर्ड होत नाही ना, मॅडम?"

"नाही."

"मग सांगतो..." त्याचे मोठे कान लालबुंद झाले होते. "तुमचा फोन नाही आला ना, की दिवसभर वाटायचं हेडफोन बिघडलाय. बाकीचे सगळे बोलायचे, पण ऐकूच यायचं नाही काही. दंड परत मिळाला. आता तुम्ही फोन कशाला कराल... म्हणून... मी दुकानात येऊ का?"

मी त्याच्या हातातून छत्री घेतली, अडकलेली काडी सोडवली आणि उघडून दोघांच्या डोक्यावर धरली.

"चालेल," मी म्हटलं.

त्याला बरीच वर्षं झाली. बाबा गेले, मशीनवर त्यांच्या हाताचा डाग अजून आहे, मी पुसत नाही. दुकानाच्या कोपऱ्यात एक टेबल आहे. तिथे बसून तो लोकांना बँकेच्या दंडाविरुद्ध अर्ज लिहून देतो, आणि नियम दोनदा वाचल्याशिवाय कुणाला काही सांगत नाही. काळा फोन कधीच बंद झाला. आमची ती दुपारची भांडणं बँकेने केव्हाच पुसून टाकली असतील. कधी कधी वाटतं, एखादं तरी मागून घ्यायला हवं होतं.

आणि पायऱ्यांवरचं ते बोलणं तर कुठेच नाही. तो चक्क म्हणतो, "मी असं बोललोच नव्हतो. पुरावा काय?"

संध्याकाळी शटर ओढताना तो न चुकता विचारतो, "आणखी काही मदत करू शकतो का, मॅडम?"

"हो," मी म्हणते. "त्या दिवशी पायऱ्यांवर काय म्हणाला होतास, ते परत सांग."

मग तो डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, कान लाल होतात आणि तो सांगतो. दर वेळी एखादा शब्द चुकतो. मी तो दुरुस्त करते, आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावते. पुरावा नसला म्हणून काय झालं? मला नक्की आठवतंय.